अपिलाची भाषा आणि अर्थाचा प्रश्न : लोकमान्यांच्या खटल्यांचे एक वाचन

लोकमान्य टिळकांच्या खटल्यांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. परंतु त्यातील बहुतेक लेखन एका विशिष्ट ठिकाणी येऊन थांबते. २२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबई उच्च न्यायालयात ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी टिळकांना दोषी ठरविले, न्यायासनापेक्षा श्रेष्ठ अशा शक्तीचा निर्देश करणारे त्यांचे छोटेसे निवेदन झाले, आणि न्या. दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावली. चरित्रकाराचा पडदा येथे पडतो आणि मंडालेच्या दृश्यावर उघडतो. मधले काही महिने, म्हणजे या निकालावर वरच्या न्यायालयात दाद मागण्याचे महिने, एखाद्या ओळीत आटोपले जातात. एकवीस तासांहून अधिक चाललेल्या भाषणाची वक्तृत्वकृती म्हणून आपण वाखाणणी केली. पण त्या भाषणात उपस्थित झालेल्या भाषिक प्रश्नाचे पुढे काय झाले, हे विचारले नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. टिळकांवरील राजद्रोहाचे खटले हे मुळात अर्थनिर्णयाचे खटले होते. मजकूर कोणी लिहिला, कोणी छापला, याविषयी फारसा वाद नव्हता; वाद होता तो मजकुराचा अर्थ काय याविषयी. अशा खटल्यात वरच्या न्यायालयाकडे जाणे म्हणजे त्या मजकुराचे दुसरे वाचन मागणे होय. हे दुसरे वाचन कोणत्या वाटेने गेल्यास मिळत होते आणि कोणत्या वाटेने नाकारले जात होते, हे पाहिले म्हणजे १८९७ आणि १९०८ चे निकाल का टिकले आणि १९१६ चा आदेश का कोसळला, याचा बराचसा उलगडा होतो. तो केवळ राजकारणातून होत नाही.

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठीत या व्यवहाराचे जुने शब्द फार्सीतून आलेले आहेत. ‘दाद’ म्हणजे न्याय. ‘फिर्याद’ म्हणजे मदतीसाठी केलेला आक्रोश. दोन्ही शब्दांत मागणारा माणूस केंद्रस्थानी आहे. मराठेशाहीत निवाडा मान्य नसलेला पक्ष दुसऱ्या ‘थळा’ची, म्हणजे निवाड्याच्या दुसऱ्या ठिकाणाची, मागणी करू शकत असे, तेथे वाद पुन्हा पहिल्यापासून ऐकला जाई. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी डेक्कन कॉलेजतर्फे १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या न्यायपद्धतीचे सविस्तर विवेचन केले आहे. इंग्रजी अमदानीत आलेला ‘अपील’ हा शब्द मराठीने नपुंसकलिंगी म्हणून स्वीकारला आणि त्याचे सामान्यरूपही केले; पण त्याच्याबरोबर आलेली कल्पना निराळी होती. अपिलात माणसापेक्षा कागद अधिक बोलतो. खालच्या न्यायालयाचे निकालपत्र, नोंदलेली साक्ष आणि भाषांतरे ही वरच्या न्यायासनापुढे जातात. ‘दाद’ हा उच्चार आहे, ‘अपील’ ही संहिता आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. संहितेला कारणे लागतात. ज्या निर्णयाला लिखित कारणेच नाहीत, त्याचे परीक्षण कशाच्या आधारे करावयाचे? पुढील सर्व विवेचनाचा पाया हा प्रश्न आहे.

आता १८९७ कडे वळू. ‘केसरी’च्या १५ जून १८९७ च्या अंकातील मजकुराबद्दल टिळकांवर भारतीय दंडसंहितेच्या १२४ अ कलमाखाली खटला झाला. तो मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेपुढे, न्या. स्ट्रॅची आणि नऊ जणांची ज्यूरी यांच्यासमोर सप्टेंबरमध्ये चालला. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी दोषी आणि तीन हिंदी सभासदांनी निर्दोष असे मत दिले, आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. कलमातील कळीचा शब्द होता ‘डिसअफेक्शन’. ज्यूरीला विवेचन करताना न्या. स्ट्रॅची यांनी या शब्दाचा अर्थ प्रथम ‘प्रीतीचा अभाव’ असा सांगितला आणि लगेच पुढे द्वेष, वैर, तिरस्कार, शत्रुत्व, सर्व प्रकारची दुर्भावना, अशी त्याची व्याप्ती दिली.

व्याकरणाच्या विद्यार्थ्याला येथे ‘नञ्’चे स्मरण झाल्याशिवाय राहणार नाही. आपल्या वैयाकरणांनी नकारवाचक ‘अ’चे सहा अर्थ मानले आहेत, त्यांत ‘अभाव’ हा एक आणि ‘विरोध’ हा दुसरा. ‘अपाप’ म्हणजे पापाचा अभाव. परंतु ‘अमित्र’ म्हणजे केवळ मित्र नसलेला नव्हे, तर शत्रू. वाटेने जाणारा अनोळखी माणूस मित्र नसतो, पण म्हणून तो अमित्र ठरत नाही. ‘डिस’ या इंग्रजी उपसर्गाचीही हीच स्थिती आहे. १८९१ साली कलकत्त्याच्या ‘बंगवासी’ खटल्यात सरन्यायाधीश पेथेरम यांनी ‘डिसअफेक्शन’ म्हणजे प्रीतीच्या विरुद्ध असलेली भावना, असे सांगितले होते. तो विरोधार्थ झाला. न्या. स्ट्रॅची यांच्या पहिल्या वाक्यातला अर्थ अभावार्थ होता. फरक किरकोळ नाही. परकीय सरकारविषयी प्रेम न वाटणे हा अभावार्थाने गुन्हा ठरतो. विरोधार्थाने ठरत नाही. त्या वेळच्या हिंदुस्थानात पहिल्या अर्थाने निर्दोष ठरणारी माणसे किती निघाली असती, हे सांगणे कठीण आहे.

टिळकांच्या वतीने या मुद्द्यावर वर जाण्याची परवानगी मागण्यात आली. येथे कायद्याची रचना लक्षात घ्यावी लागते. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत ज्यूरीने दिलेल्या निर्णयावर अपिलाचा हक्क त्या काळी नव्हता. हे प्रकरण वर नेण्यास योग्य आहे, असा दाखला त्याच न्यायालयाकडून मिळवावा लागे. पूर्णपीठाने तो नाकारला. त्याचे कारण मननीय आहे. ‘प्रीतीचा अभाव’ हे शब्द एकटेच असते तर ज्यूरीची दिशाभूल झाली असती. परंतु मागील-पुढील संदर्भासह वाचल्यास तशी दिशाभूल होणे शक्य नाही, असा त्याचा आशय होता. त्यानंतर लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे नोव्हेंबर १८९७ मध्ये अॅस्क्विथ यांनी टिळकांची बाजू मांडली. हेच पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले. तेथेही परवानगी मिळाली नाही. फौजदारी प्रकरणात न्यायप्रक्रियेची घोर पायमल्ली झाल्याखेरीज आपण हात घालणार नाही, असे त्या मंडळाचे १८८७ पासूनचे धोरण होते.

पूर्णपीठाने न्यायाधीशाच्या एका वाक्याला त्याच्या संदर्भाचा लाभ दिला, हे योग्यच झाले. प्रश्न असा की ‘केसरी’तील वाक्यांना तो लाभ मिळाला की नाही, हे कोण तपासणार होते? लेख समग्रपणे आणि मोकळ्या मनाने वाचावा, हा ज्यूरीला द्यावयाचा उपदेश इंग्रजी न्यायपरंपरेत जुनाच आहे. पण उपदेश होणे वेगळे आणि वाचन होणे वेगळे. ज्यूरी कारणे लिहीत नाही. तिच्या ‘दोषी’ या एका शब्दामागे कोणते वाचन होते, हे कळण्यास मार्ग नाही. न्यायाधीशाचे विवेचन लिखित असल्यामुळे त्याचे परीक्षण होऊ शकले. ज्यूरीचे वाचन निःशब्द असल्यामुळे परीक्षणाच्या कक्षेबाहेर राहिले.

हा केवळ तर्क नव्हे, याची साक्ष त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रकरणात मिळते. सातारा जिल्ह्यातील इस्लामपूरच्या ‘प्रतोद’ या पत्राच्या चालकांवर १२४ अ खालीच साताऱ्याच्या सत्र न्यायालयात खटला होऊन काळ्या पाण्याच्या शिक्षा झाल्या. हा खटला सत्र न्यायालयातला असल्यामुळे त्यावर रीतसर अपील उच्च न्यायालयात आले आणि ते पूर्णपीठापुढे चालले. त्या पीठावर न्या. महादेव गोविंद रानडे होते. रानड्यांनी आपल्या निकालपत्रात स्पष्ट केले की, हा शब्द प्रीतीच्या निव्वळ अभावाचा वाचक नसून दुर्भावनेशी सख्य असलेल्या प्रत्यक्ष तिटकाऱ्याचा वाचक आहे. न्या. पार्सन्स यांनीही अभावार्थ नाकारला. दोषारोप कायम राहिला, पण शिक्षा बऱ्याच कमी झाल्या. तेच न्यायालय, तेच वर्ष, तेच कलम, तोच शब्द. साताऱ्याहून आलेल्या प्रकरणात शब्दार्थाची फोड करून कारणे द्यावी लागली. मुंबईतच सुरू झालेल्या प्रकरणात दाखला नाकारून विषय संपविता आला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९८ मध्ये, १२४ अ कलम नव्याने लिहिण्यात आले आणि बेइमानी व वैराच्या सर्व भावना यांचा ‘डिसअफेक्शन’मध्ये समावेश होतो, असे स्पष्टीकरण त्यात आले.

१९०८ च्या खटल्यात अडचण दुहेरी झाली. यावेळी ‘देशाचे दुर्दैव’ (१२ मे १९०८) आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ (९ जून १९०८) हे अग्रलेख आरोपाच्या मुळाशी होते. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. मराठी मजकूर त्यांच्यापर्यंत पोहोचला तो सरकारी भाषांतर कचेरीने केलेल्या इंग्रजी रूपात. टिळकांनी भाषांतरकाराची उलटतपासणी केली आणि भाषांतर अनेक ठिकाणी मूळ अर्थाला सोडून आहे, असा आक्षेप घेतला. मराठीत राजकीय परिभाषा अद्याप घडत असताना लेखकाने वापरलेल्या शब्दाला इंग्रजीतील तीव्रतम पर्याय देणे अन्यायाचे आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा एक धागा होता. न. चिं. केळकरांनी प्रसिद्ध केलेल्या खटल्याच्या समग्र वृत्तान्तात हा भाग उपलब्ध आहे. भाषाशास्त्राच्या दृष्टीने तो त्या भाषणातील सर्वांत मौलिक भाग होय. आणि आमच्या टीकाकारांनी तोच सर्वांत कमी वाचला आहे.

या आक्षेपाचे मर्म एका साध्या शब्दावरून समजेल. ‘जुलूम’ हा शब्द घ्या. अरबीतून आलेल्या या शब्दाचा मराठीतील पल्ला पाहिला तर सासूच्या जाचापासून बादशहाच्या अत्याचारापर्यंत तो सर्वत्र चालतो. ‘जुलमाचा रामराम’ या प्रयोगात तर त्यात अत्याचार उरतच नाही, नुसती सक्ती उरते. इंग्रजीत या पल्ल्याचे चार-पाच शब्दांत वाटप झालेले आहे आणि प्रत्येकाचे वजन निराळे आहे. भाषांतरकाराला त्यांतील एक निवडावाच लागतो. निवड झाली की उरलेले अर्थ ज्यूरीपुरते नाहीसे होतात. म्हणजे मूळ लेखाचे पहिले वाचन ज्यूरीच्या आधी भाषांतरकारानेच करून टाकलेले असते, आणि ‘दोषी’ हा निर्णय त्या वाचनावरचा निर्णय असतो.

शिक्षेनंतर पुन्हा उच्च न्यायालयाकडे दाखला मागण्यात आला. या टप्प्यावर प्रश्नांचे रूपच पालटते. निरनिराळ्या लेखांवरील आरोप एकत्र जोडणे कायदेशीर होते काय, ज्यूरीपुढील विवेचनात चूक झाली काय, असे कायद्याचे प्रश्नच तेथे मांडता येत होते. भाषांतर बरोबर की चूक, मराठी वाक्याचा अर्थ काय, हे ‘वस्तुस्थिती’चे प्रश्न ठरून ज्यूरीबरोबरच संपलेले होते. दाखला मिळाला नाही. या कामी दादासाहेब खापर्डे इंग्लंडला गेले. पण प्रिव्ही कौन्सिलकडूनही परवानगी मिळाली नाही. काळ्या पाण्याऐवजी साध्या कैदेचा जो फेरफार झाला, तो सरकारच्या आदेशाने. न्यायालयाच्या वाचनाने नव्हे.

येथे एक भौगोलिक बाब नमूद केली पाहिजे. ‘केसरी’ पुण्यात लिहिला आणि छापला जात होता. खटले मात्र दोन्ही वेळा मुंबईत, उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत भरले गेले. तेच पुण्याच्या सत्र न्यायालयात भरले गेले असते, तर ‘प्रतोद’प्रमाणे रीतसर अपिलाची वाट मोकळी राहिली असती. पुण्याहून मुंबईला नेलेला खटला एका अर्थाने अधिक वरच्या न्यायासनापुढे गेला. पण म्हणूनच त्याच्यावरची पायरी नाहीशी झाली.

याच्या उलट बाजूची दोन उदाहरणे पुण्यातूनच निघालेली आहेत. ताईमहाराज प्रकरणातून उद्भवलेल्या खोट्या साक्षीच्या खटल्यात पुण्याच्या खास मॅजिस्ट्रेटने ऑगस्ट १९०३ मध्ये टिळकांना अठरा महिने सक्तमजुरी आणि एक हजार रुपये दंड केला. सत्र न्यायाधीशांनी जानेवारी १९०४ मध्ये दोषारोप कायम ठेवून शिक्षा सहा महिन्यांवर आणली. उच्च न्यायालयात सरन्यायाधीश जेंकिन्स आणि न्या. बॅटी यांनी मार्च १९०४ मध्ये दोषारोपच रद्द केला. हा खटला राजद्रोहाचा नव्हता हे खरे. परंतु तीन पायऱ्यांवर तीन वाचने झाली आणि प्रत्येक वाचनाला मागच्या वाचनाची कारणे समोर होती, ही गोष्ट आपल्या मुद्द्याला पुरेशी आहे.

दुसरे उदाहरण १९१६ चे. बेळगाव आणि अहमदनगर येथील स्वराज्यविषयक मराठी भाषणांवरून पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने टिळकांकडून वर्षभराच्या सद्वर्तनासाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन मागितले. तांत्रिकदृष्ट्या ही शिक्षा नव्हे, प्रतिबंधक आदेश होता. पण त्याचा आधार १२४ अ मधील तोच शब्द होता. टिळकांच्या वतीने बॅ. जिना यांनी काम पाहिले. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी हा आदेश रद्द केला. भाषणे समग्र वाचावीत, सुट्या वाक्यांवर अवाजवी भार देऊ नये आणि एकंदर परिणाम पाहावा, हे त्या निकालाचे सूत्र होते. जो न्याय १८९७ साली न्यायाधीशाच्या विवेचनाला मिळाला होता, तो एकोणीस वर्षांनी टिळकांच्या वाक्यांना मिळाला. आणि तो कारणांसह लिहिला गेला.

यावर असा आक्षेप येईल की, हे सारे राजकीय परिस्थितीचे फळ होते. १९०८ चे वातावरण बाँबचे होते आणि १९१६ चे महायुद्धाचे. आक्षेपात तथ्य आहे. न्यायासनावर कोण बसले होते, यालाही महत्त्व आहे. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले दावरच १९०८ मध्ये न्यायाधीश होते. परंतु परिस्थितीने सर्व उलगडा होत नाही. ‘प्रतोद’ आणि ‘केसरी’ यांचे वातावरण एकच होते. शिवाय राजकीय दडपण वाचनावर कितीही असले, तरी कारणे लिहावी लागणाऱ्या न्यायाधीशाला ते शब्दांत मांडावे लागते आणि शब्दांत मांडलेल्या गोष्टीला उत्तर देता येते. निःशब्द निर्णयाला उत्तर नसते. अपिलाचा उपयोग वरचा न्यायाधीश अधिक शहाणा असतो एवढ्यासाठी नाही; खालच्या वाचनाला आपला हिशेब द्यावा लागतो, यासाठी आहे.

पुढील इतिहास याच दिशेने गेला. १९४३ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत नवे कलम घालून उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतील निर्णयांवरही अपिलाची तरतूद झाली. टिळकांच्या दुसऱ्या शिक्षेनंतर पस्तीस वर्षांनी. १९४९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलची अधिकारिता संपली. मुंबईतील नानावटी खटल्यात १९५९ साली ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी दिलेला निर्दोषत्वाचा निर्णय सत्र न्यायाधीशांनी उच्च न्यायालयाकडे पाठविला, तो तेथे फिरला आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली; १९७३ च्या संहितेत ज्यूरीला स्थान उरले नाही. आज १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४१५ व्या कलमात दोषसिद्धीविरुद्धच्या अपिलाचा हक्क आहे. तुरुंगातील बंद्याला आपला अर्ज तुरुंगाधिकाऱ्यामार्फत पाठविता येतो. आणि निकालपत्रात मुद्दे, निर्णय व कारणे असलीच पाहिजेत. १९५६ साली सरन्यायाधीश छागला यांनी उच्च न्यायालयात टिळकांच्या निवेदनाचा शिलालेख अनावृत केला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या शिळेपेक्षा १९४३ चे रूक्ष कलम त्यांच्या तक्रारीचे खरे उत्तर आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मात्र उत्तर अपुरे आहे. भाषांतराचा जो प्रश्न टिळकांनी उपस्थित केला, तो आजही प्रत्येक अपिलात जिवंत आहे. महाराष्ट्र शासनाने १९९८ साली जिल्हा व त्याखालील न्यायालयांची भाषा मराठी ठरविली. उच्च न्यायालयाचे कामकाज संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार इंग्रजीत चालते. तालुक्याच्या गावी मराठीत दिलेली साक्ष मुंबईस पोहोचते ती बहुधा भाषांतरित होऊन. आणि मराठीचे व्याकरण या प्रवासाला सोपे नाही. ‘त्याने त्याला मारले’ या वाक्यात मारहाण आहे की वध, हे क्रियापद सांगत नाही, संदर्भ सांगतो. ‘तो रात्री आला होता म्हणे’ यातील ‘म्हणे’ हा एक शब्द संपूर्ण विधान ऐकीव असल्याची ग्वाही देतो. तो गळला तर ऐकीव गोष्ट प्रत्यक्षदर्शी पुरावा होऊन बसते. ‘आला असेल’ यातील तर्क आणि ‘आला होता’ यातील निश्चिती इंग्रजीत एकाच साच्यात ओतली जाण्याचा धोका आहे. ‘परवा’ मागचा की पुढचा, ‘भाऊ’ सख्खा की चुलत, हे प्रश्न वर्गात करमणुकीचे वाटतात. येरवड्यात शिक्षा भोगणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्यांवर वर्षे अवलंबून असतात.

म्हणून या विषयाकडे भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी आता गंभीरपणे वळावयास हवे. साक्षीचे मूळ मराठी पाठ आणि त्यांची इंग्रजी रूपे यांची तुलना, ज्ञानस्रोत दर्शविणाऱ्या मराठी निपातांचे भाषांतरात काय होते याचा शोध, आणि वसाहतकालीन खटल्यांतील भाषांतर-विवादांची संपादित आवृत्ती, ही तीन कामे एखाद्या विभागाच्या आवाक्यातली आहेत. वकिलांना कायदा कळतो, भाषांतरकारांना दोन्ही भाषा येतात. परंतु एखादे वाक्य किती अर्थ धारण करते आणि भाषांतराने त्यांतील कोणते वगळले, हे दाखविणे हे आपल्या शास्त्राचे काम आहे. १९०८ साली आरोपीला ते स्वतःच, आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून, करावे लागले. त्या वेळी त्याच्या पाठीशी कोणतेही विद्यापीठ नव्हते. आज विद्यापीठे आहेत. तेव्हा हे काम एकट्या आरोपीवर सोडून देण्याचे कारण उरलेले नाही.